चालते यंत्र आणि आपले हात



भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर, नाहीतर पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसवर, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी राबत असते. म्हणून आज दोन शब्द यंत्राविषयी बोलणार आहे.

आधी एक गणित करू. एक फूट व्यासाची पुली मिनिटाला 300 फेरे घेते असे धरा. एका फेऱ्यास पट्टा 3.14 फूट सरकतो. सेकंदास 5 फेरे, म्हणजे 15 फुटांहून अधिक. बाही ओढली गेली हे कळून हात मागे घेण्यास पाव सेकंद तरी जातो. तेवढ्यात पट्टा जवळजवळ 4 फूट पुढे गेलेला असतो! तेव्हा चपळाईचा भरवसा कोणी धरू नये. पट्टा पुलीवर चढतो तीच जागा घातकी. लुंगीचे टोक, मफलर, ओढणी तिथूनच आत खेचली जाते.

मग चालत्या यंत्रात हात घालतातच का? निष्काळजीपणा, असे म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. मजुरी मीटरवर किंवा नगावर असली की यंत्र थांबवणे म्हणजे पैसे बुडणे. म्हणून माग झाडणे, तेल घालणे चालू मागावरच उरकतात. प्रेसची जाळी काढून ठेवतात. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते. त्यातले एक बटण बांधून टाकतात, कारण नग भराभर निघतात.

1948 च्या कारखाना कायद्याने फिरत्या भागांना संरक्षक कठडा सक्तीचा केला होता. आणि 1923 च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात बोटांचा हिशेबच मांडला होता: अंगठा गेल्यास कमाईची शक्ती 30 टक्के घटली असे धरावे, तर्जनी गेल्यास 14 टक्के. सुट्टीत मुलाला प्रेसवर बसवणाऱ्या पालकांना विचारतो, हे आकडे कधी वाचले होते काय?

बोट तुटलेच तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा व ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर नको. लगेच मोठे इस्पितळ गाठा. अपघात कामावर झाला, हे केस-पेपरवर लिहून घ्या. भरपाई मागताना तो कागद उपयोगी पडतो.