सोंगातली तलवार



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, शेती, पाणी, इतिहास अशा विषयांवर ऐकण्याची आपल्याला सवय आहे. आज आम्ही विषय घेतला आहे तो पोरांच्या खेळाचा, आणि तोही जपानी खेळाचा. काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. पण हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. एका मित्राने तो आमच्या गळ्यात घातला आहे.

हा मित्र मुरुडचाच. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याच्याकडे उतरलो होतो. संध्याकाळी माळवदावर धपधप आवाज येऊ लागला. वर जाऊन पाहतो तो त्याचा नातू व आणखी दोन पोरे वेळूच्या काठ्या घेऊन एकमेकांवर तुटून पडत होती आणि प्रत्येक वाराबरोबर काही जपानी शब्द ओरडत होती. नातवाच्या अंगावर हिरव्या-काळ्या चौकड्यांचा झगा होता; तो आजीच्या जुन्या लुगड्याचा केलेला होता. मित्राने आम्हांला विचारले, "याला थांबवू का शिकवू, एवढंच सांग." त्या दिवशी आम्हांला उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम हे प्रकरण काय आहे ते पाहू. जपानात चित्रकथेला मांगा म्हणतात आणि तिच्यावरून हलत्या चित्रांची जी मालिका होते ती ॲनिमे. त्यातल्या पात्राचा वेश घेऊन ते पात्र होणे याला आजची मुले कॉसप्ले म्हणतात. आपल्याकडे याला सोंग घेणे म्हणतात, आणि बहुरूप्याच्या देशात ते समजावून सांगण्याची गरज नाही. त्या नातवाने घेतलेले सोंग कोयोहारू गोतोगे यांच्या 'किमेत्सू नो याइबा' या कथेच्या नायकाचे. ही कथा २०१६ ते २०२० या काळात जपानी साप्ताहिकातून क्रमशः आली आणि २०१९ पासून पडद्यावर दिसू लागली. नायक कोळसा विकणाऱ्या घरातला मुलगा. राक्षसाने घर बुडवले, बहिणीचे राक्षसात रूपांतर झाले. तिला पुन्हा माणसात आणण्यासाठी तो तलवार शिकतो. त्याच्या विद्येचे नाव 'पाण्याचा श्वास'. वार केला की पात्यामागे लाटा उसळताना दिसतात.

आता लाटा काही काठीतून निघत नाहीत. मग मुलांनी शिकायचे काय? लाटा काढून टाकल्या की मागे उरते ते कमरेचे वळण, पायाचे सरकणे, श्वासाची लय आणि पात्याचा गोल मार्ग. म्हणजे कल्पनेचा रंग उडवला की खाली खरी विद्या निघते. हे सर्वत्र सारखे नाही, हे कबूल केले पाहिजे. 'वन पीस' या कथेत एक वीर तीन तलवारींनी लढतो. दोन हातांत आणि तिसरी दातांत. यातल्या दोन खऱ्या. जपानात मियामोतो मुसाशी नावाचा तलवारबहाद्दर १६४५ साली वारला, त्याचा दोन तलवारींचा संप्रदाय आजही आहे. तिसरी मात्र छायाचित्रापुरतीच दातांत धरावी. तिच्यावर कोणी खरोखर घाव घातला तर तलवारीआधी दात जातील! कोणता भाग कसरतीचा आणि कोणता नुसत्या ऐटीचा, एवढा विवेक आला की निम्मे शिक्षण झाले.

कोणी म्हणतील, लढाईची विद्या अशी खेळात घालणे म्हणजे तिची विटंबना. इतिहास तसे सांगत नाही. जपानात सरकारने १८७६ साली सामुराईंच्या कमरेच्या तलवारी उतरवल्या. त्याआधीच, १८७३ साली, साकाकिबारा केंकिची या नामांकित शिक्षकाने तोक्यो शहरात तलवारबाजीचे जाहीर प्रयोग लावले होते. तिकीट काढून लोक पाहायला येत. थोरामोठ्यांनी नाके मुरडली. पण उपाशी पडलेल्या तलवारबहाद्दरांना आणि मरू घातलेल्या विद्येला त्याने आधार दिला. आपल्याकडे ब्रिटिश मुलखात १८७८ साली शस्त्रांचा कायदा आला. दांडपट्टा, फरी-गदका, लाठी या विद्या राहिल्या त्या तालमीत, मिरवणुकीत आणि जत्रेत. दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांनी बडोद्याहून 'व्यायाम ज्ञानकोश' काढून त्या कागदावर नोंदवल्या. पुढे भालजी पेंढारकरांनी 'छत्रपती शिवाजी' (१९५२) आणि 'पावनखिंड' (१९५६) पडद्यावर आणले, तेव्हा ज्या महाराष्ट्राने तलवार उपसलेली कधी पाहिली नव्हती त्याने ती तिथे पाहिली. आपल्या शेजारी नांदेडला होळीला आणि दसऱ्याला हल्लाबोलाची मिरवणूक निघते, तिथे शीख बांधवांचा गतका पाहा. आणि २०२४ साली आपल्या सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, तो काही पुढच्या लढाईसाठी नव्हे. तेव्हा सोंगात तलवार मरत नाही. उलट रणांगण सुटल्यावर ती सोंगातच जगली.

पण सोंगातली तलवार खऱ्या तलवारीहून अवघड आहे. लढणाऱ्याला वार लागावा असे वाटते. सोंगाड्याला वार लागू नये आणि पाहणाऱ्याला मात्र लागलासा वाटावा, अशी दुहेरी कसरत करायची असते. कोकणातल्या दशावतारात राजे-राक्षसांचे युद्ध पखवाज आणि झांजेच्या तालावर चालते, यात मोठे शहाणपण आहे. ताल दोघांनाही ठाऊक असतो. म्हणून वार केव्हा येणार हे दोघांनाही ठाऊक असते.

आता मित्राने हा प्रश्न आम्हांलाच का विचारला, ते सांगतो. आमच्या तरुणपणी एका गणेशोत्सवात आम्ही ऐतिहासिक नाटक बसवले होते. मित्र मोगल सरदार, आम्ही मावळे. तालमीला काठ्या होत्या. प्रयोगाच्या रात्री कुणाच्या तरी देवघरातली जुनी तलवार आमच्या हाती आली आणि आम्हांला स्फुरण चढले. ठरलेले चार वार झाले, टाळ्या पडल्या, टाळ्यांच्या भरात आम्ही न ठरलेला पाचवा वार केला. मित्र त्या क्षणी प्रेक्षकांकडे वळला होता. त्याचा डावा डोळा गेला. इतक्या वर्षांत त्याने त्याविषयी एक शब्द काढला नाही. परवा माळवदावर त्याने विचारले तो पहिलाच शब्द. थांबवू, का शिकवू?

त्या रात्री आमचे चुकले कुठे, यावर आम्ही आयुष्यभर विचार केला आहे. सोंग घेतले ही चूक नव्हती. तलवार चालवायला शिकलो, पण थांबवायला शिकलो नाही, ही चूक होती. म्हणून मुलांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, पवित्रा. वर्तमानपत्रांत पुढारी रोज पवित्रा घेतात. मुलांनी तो पायांनी घ्यावा. महिनाभर हातात काही न घेता नुसते पाय सरकवावेत. दुसरी, अंतर. हात पूर्ण लांबवला तरी काठीचे टोक जोडीदाराच्या अंगापासून वीतभर अलीकडे राहील इतके दूर उभे राहावे. वार त्याच्या दिशेने दिसावा, पण त्याच्यापर्यंत पोहोचू नये. आणि तोंडाकडे भोसकणे कधीही नाही. तिसरी, नजर. जोडीदाराने डोळ्याने होकार दिल्याशिवाय काठी उचलायची नाही. वाराची खरी नक्कल मारणारा करीत नाही, मार खाणारा करतो. तो वळला, कोसळला की प्रेक्षकाला वार दिसतो. म्हणून सूत्र त्याच्या हाती असावे. चौथी, ठरलेल्या चार वारांवर पाचवा करायचा नाही. टाळ्या कितीही पडोत.

हत्याराविषयी एवढेच, की वेळू, लाकूड किंवा फोम यांपलीकडे जाऊ नये. जपानी लोकसुद्धा केंदो शिकताना वेळूच्या चार कांबी बांधून केलेली तलवार घेतात आणि तोंडावर लोखंडी जाळी बांधतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद धारदार पाते शस्त्रांत मोडते. शेतीची व घरगुती अवजारे तेवढी वेगळी. तेव्हा हौसेपायी तलवार मागवून कोर्टाची पायरी चढू नये.

नोबुहिरो वात्सुकी यांच्या 'रुरौनी केनशिन' या चित्रकथेत (१९९४-१९९९) एक तलवारबहाद्दर आहे. काळ तोच, १८७८ चा. तलवारी उतरवून दोन वर्षे झालेली. पूर्वी त्याने पुष्कळ माणसे मारली. आता न मारण्याची शपथ घेतली आहे. त्याच्या तलवारीची धार उलटी आहे. समोरच्याच्या अंगावर बोथट पाठ पडते, धार असते ती धरणाऱ्याकडे. अशी तलवार कोणी लढाईत वापरली नाही, ती कल्पनेतली. पण आम्हांला तिच्यात सगळ्या सोंगाचा धर्म दिसतो. सोंगातल्या तलवारीची धार ज्याने धरली त्याच्याकडे असावी.

तेव्हा मित्रा, तू समोर बसला आहेस म्हणून सांगतो. थांबवू नकोस, शिकव. थांबवलेस तर तो माळवद सोडून गावाबाहेर कुठे तरी खेळेल, आणि तिथे पाचवा वार अडवायला कोणी नसेल. गावात लाठी जाणणारी वडीलधारी माणसे अजून आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ या पोरांना द्यावी. पोरांनी वार जपानी नावाने करावेत. पवित्रा या मातीतला शिकावा. पहिल्या दिवशी पाय कसे सरकवावेत ते दाखवायला आम्ही स्वतः येऊ. काठी मात्र आम्ही हातात घेणार नाही.