ट्रॅक्टरचे पासिंग संपले, पुढे काय?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सकाळच्या सत्रात आपण खोडवा उसाच्या व्यवस्थापनाविषयी ऐकले. त्यानंतर, आणि तेही जेवण झाल्यावर, वकिलाने उभे राहून कायदा सांगावा हे जरा जडच आहे. पण ज्या ट्रॅक्टरने तो ऊस कारखान्यावर जाणार, त्या ट्रॅक्टरच्या कागदांविषयी मला बोलायचे आहे.

आपल्यापैकी किती जणांना आपल्या ट्रॅक्टरच्या नोंदणीची शेवटची तारीख माहीत आहे? सातबाऱ्यावरचा गट नंबर विचारला तर आपण झोपेतही सांगाल. गाय कधी विणार याची तारीख गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहिलेली असते. ट्रॅक्टरचे बुक मात्र पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली. हात फारसे वर आले नाहीत. वाईट वाटून घेऊ नका, मीही त्यातलाच आहे.

आमच्या घरी वडिलांनी बँकेचे कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला होता. हप्ते फिटले. पुढे वडील वारले. जमिनीला वारसांची नावे लावून घेतली, ट्रॅक्टरकडे कोणी पाहिले नाही. एका मृगात चांगला पाऊस झाला. धाकटा भाऊ पेरणी यंत्र जोडून मळ्याकडे निघाला. मध्ये दीड किलोमीटर डांबरी रस्ता लागतो. तेथे तपासणी चालू होती. बुक पाहिले तर पंधरा वर्षे संपून आठ महिने झालेले, शिवाय मालक हयात नाही आणि बँकेचा बोजाही तसाच. ट्रॅक्टर अडकला तो अकरा दिवस. तोवर वाफसा निघून गेला. शेवटी शेजाऱ्याची बैलजोडी मागून पेरणी केली. मी स्वतः वकील, त्यामुळे गावात काय बोलले गेले ते येथे सांगत नाही. अडवणारा अधिकारी नियमाने वागला होता, एवढे मात्र कबूल केले पाहिजे.

आता कायदा पाहू. मोटार वाहन अधिनियम १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेले वाहन चालवता येत नाही, आणि मालकाला ते दुसऱ्या कोणाला चालवूही देता येत नाही. म्हणजे ट्रॅक्टर सालगड्याने नेला तरी मालक सुटत नाही. खाजगी वापराच्या वाहनाची, म्हणजे मोटारसायकल, जीप आणि शेतीचा ट्रॅक्टर यांची नोंदणी कलम ४१ नुसार पंधरा वर्षांपुरती असते. मुदत संपली आणि नूतनीकरण केले नाही, तर ते वाहन विनानोंदणीचे समजावे. यालाच आपण ‘पासिंग संपले’ असे म्हणतो.

‘आमचा ट्रॅक्टर शेतातच असतो, रस्त्यावर येतोच कुठे?’ असे मला हमखास ऐकवले जाते. कलम ३९ मध्ये ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ असे शब्द आहेत. बांधाच्या आत कोणी तपासायला येत नाही हे खरे. पण अपघात बांधाच्या आतही होतो.

शिक्षा कलम १९२ मध्ये दिलेली आहे. पहिल्या वेळी दोन हजारांपासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड. पुन्हा तोच गुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच ते दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. याखेरीज कलम २०७ नुसार वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार पोलिसांना व परिवहन अधिकाऱ्यांना आहे. शेतकऱ्याला दंडापेक्षा हे कलम अधिक जड जाते, कारण पेरणी आणि मळणी थांबत नाही.

कायद्याने एक सवलतही ठेवली आहे. रात्री सर्पदंश झालेल्या माणसाला दवाखान्यात न्यायचे आहे आणि दारात पासिंग संपलेलाच ट्रॅक्टर आहे, तर खुशाल न्या. आजारी वा जखमी माणसाला नेण्यासाठी किंवा संकटात अन्न व औषधे पोचवण्यासाठी वाहन वापरल्यास कलम १९२ ची शिक्षा होत नाही. मात्र सात दिवसांच्या आत तसे प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला कळवावे लागते. कळवताना लेखी कळवा आणि पोच घ्या.

विमा आहे, मग भीती कशाची?

येथे जरा नीट लक्ष द्या, कारण दंडाची रक्कम ऐकून अनेकांना वाटते की दोन-पाच हजार गेले तर गेले. विम्याचा हप्ता दरवर्षी भरला, पावती हातात आहे, म्हणजे सर्व ठीक आहे असे आपण धरून चालतो. विमा चालू असणे आणि नोंदणी चालू असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राजस्थानातल्या एका गृहस्थांनी २०११ मध्ये नवी बोलेरो घेतली. विमा उतरवला. तात्पुरती नोंदणी १९ जुलै २०११ रोजी संपली आणि कायम नोंदणी करायची राहिली. ते जोधपूरला गेले, अतिथिगृहाबाहेर गाडी लावली, आणि २८ जुलैला ती चोरीला गेलेली आढळली. चोरीचा आणि नोंदणीचा काय संबंध, असे आपण म्हणाल. ग्राहक आयोगानेही त्यांच्याच बाजूने निकाल दिला होता. पण सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२१ रोजी तो फिरवला. घटनेच्या दिवशी वैध नोंदणी नव्हती, आणि हा विम्याच्या अटींचा मूलभूत भंग आहे, असे न्यायालयाने ठरवले. सव्वासहा लाखांच्या जवळपास विमा होता. हातात काही आले नाही. त्याआधी २०१४ मध्ये हिमाचल प्रदेशातील एका अपघातग्रस्त पिकअप गाडीच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने असाच निर्णय दिला होता. तेथेही विमा चालू होता आणि तात्पुरती नोंदणी संपून तीन आठवडे झाले होते.

ही दोन्ही प्रकरणे नव्या गाड्यांच्या तात्पुरत्या नोंदणीची आहेत. पण पंधरा वर्षांची मुदत संपलेल्या ट्रॅक्टरची भरपाई मागायला गेलात, की विमा कंपनीचा वकील हेच निकाल पुढे ठेवणार. मी त्या बाजूला असतो तर मीही तेच केले असते.

हे झाले आपल्या स्वतःच्या नुकसानीचे. समजा, गळिताच्या हंगामात रात्री रस्त्याच्या कडेला उभ्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळली आणि एक कर्ता माणूस गेला. त्याचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाणार. भरपाईची रक्कम अनेकदा लाखांच्या घरात जाते. कागदपत्रांत अटींचा भंग दिसला, तर न्यायालये पुष्कळदा विमा कंपनीला सांगतात की आधी वारसांना रक्कम द्या आणि मग ती मालकाकडून वसूल करा. वारसांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण मालकाकडून वसुली कशी होते? अधिनियमाच्या कलम १७४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत, जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे. म्हणजे नोटीस तलाठ्याच्या हातून घरी येते आणि बोट सातबाऱ्याकडे जाते.

ट्रॉलीचे काय?

ट्रॉलीला इंजिन नाही, म्हणून तिला कागद नको, असा समज आहे. अधिनियमातील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचा समावेश आहे. गावच्या वेल्डरकडून बनवून घेतलेली ट्रॉली हेही कायद्याने वाहनच. तिला स्वतःची नोंदणी हवी. आणि ट्रॉली भाड्याने वाहतुकीला लावली, तर ती परिवहन वाहनांत मोडते. अशा वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते. ते वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी व नंतर दरवर्षी घ्यावे लागते. ते संपले तर कलम ५६ नुसार नोंदणीही वैध मानली जात नाही. ट्रॉलीत किंवा चाकाच्या मडगार्डवर मजूर बसवू नका, त्यांना विम्याचे संरक्षण मिळेल या भरवशावर तर मुळीच नको.

नूतनीकरण कसे करावे?

मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून अर्ज करता येतो. त्यासाठी नमुना २५ आहे. अर्ज व फी आता परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीवर भरावी लागते आणि नंतर ट्रॅक्टर तपासणीसाठी न्यावा लागतो. सोबत नोंदणी पुस्तक, विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला ठेवा. चेसिसवरचा नंबर गंजाने बुजलेला असेल तर आधी घासून वाचण्याजोगा करा. केवळ त्यापायी लोक हेलपाटे घालतात. दिवे, ब्रेक आणि मागचे लाल परावर्तक यांचीही दुरुस्ती आधीच करावी. पूर्वीचे न भरलेले चलन आणि कर यांचा निपटारा करावा. नूतनीकरण साधारणतः पाच वर्षांसाठी मिळते.

उशिराची किंमत वाढलेली आहे. १ एप्रिल २०२२ पासून मोटारसायकलला दर महिन्यास ३०० रुपये आणि खाजगी वापराच्या इतर वाहनांना दर महिन्यास ५०० रुपये जादा शुल्क लागते. महिन्याचा एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरतात. दूध घालायला नेण्याच्या जुन्या मोटारसायकलला दोन वर्षे उशीर झाला, तर जादा शुल्कच ७,२०० रुपये होते. गाडी तेवढ्याला विकली जाईल का ते तुम्हीच पाहा.

मालक वारला असेल तर तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवावे. तसे कळवल्यास वारसाला तीन महिने ते वाहन वापरता येते, आणि त्याच मुदतीत नमुना ३१ मध्ये अर्ज करून ते नावावर करून घ्यावयाचे असते. कर्ज फिटलेले असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला व नमुना ३५ देऊन बोजा उतरवावा. बँक ते आपणहून करीत नाही.

जुना ट्रॅक्टर विकला असेल तर बाँड पेपरवर सह्या करून मोकळे झालो असे समजू नका. कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. घेणारा दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि समन्स पहिल्याच्या दारात येते. नमुना २९ व ३० भरून, नाव बदललेले पाहूनच शेवटचे पैसे आणि चावी यांची देवघेव करावी.

बाहेरच्या मांडवात माझ्या टेबलावर नमुना २५ आणि ३१ च्या कोऱ्या प्रती ठेवल्या आहेत. ज्यांनी नोंदणी पुस्तक बरोबर आणले असेल त्यांनी ते घेऊन यावे, तारीख बसून पाहू. ज्यांनी आणले नसेल त्यांनी आज घरी गेल्यावर पेटी उघडावी.