सिकलसेलची चाचणी आणि आकड्यांचा पडताळा



केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी सांगितले की, कोणी सांगितले एवढ्यावरून मानू नका, तपासून पाहा. प्रयोगशाळेच्या अहवालालाही हीच कसोटी लावावी, असे आम्हांस वाटते.

विदर्भात आदिवासी व बौद्ध समाजात सिकलसेल आढळतो. त्याची पहिली चाचणी बहुधा सोल्युबिलिटीची असते. द्रावण गढूळ झाले तर रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन असावे, एवढेच कळते. माणूस वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), हे कळत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळांत किंवा रक्त फार कमी असल्यास ती चुकू शकते. म्हणून इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही खात्रीची चाचणी करावी लागते.

पहिल्या चाचणीवर कितपत विसंबावे, हे एक्सेलच्या तक्त्यात कोणीही विद्यार्थी पाहू शकेल. बँकेत दिवसअखेर जमा-नावे जुळवतात, तसेच हे काम. समजा, १००० जणांची तपासणी झाली व त्यांपैकी १०० जणांत ‘एस’ आहे. चाचणीने त्यांतले ९५ पकडले, ५ सुटले. उरलेल्या ९०० निर्दोषांपैकी ४५ जणांना तिने चुकून दोषी ठरविले. खरे ९५ ‘बी२’ या घरात, खोटे ४५ ‘सी२’ मध्ये भरा आणि पुढच्या घरात =बी२/(बी२+सी२) लिहा. उत्तर सुमारे ६८ टक्के येते.

आता १००० पैकी २० जणांतच ‘एस’ आहे असे धरा. त्याच प्रमाणात खरे १९ आणि खोटे ४९ निघतात. उत्तर येते २८ टक्के! चाचणी तीच, फक्त वस्ती बदलली.

बंधू-भगिनींनो, हा केवळ गणिताचा खेळ नव्हे. पहिल्या कागदावरून सोयरीक मोडणे, मुलीला नावे ठेवणे हा अन्याय आहे. तितकेच हेही खरे की, दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून चाचणी टाळू नये आणि खात्रीच्या अहवालावाचून निर्णयही घेऊ नये.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यातील तपासणीचा लाभ आपण डोळसपणे घ्यावा. विद्यार्थ्यांनी हा तक्ता स्वतः करून पाहावा, घरच्यांनाही समजावून सांगावा. ‘शिका’ या बाबासाहेबांच्या आदेशात हेही येते, अशी आमची श्रद्धा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!