अंगरक्षकाची नजर आणि पाळतीचा शोध

अंगरक्षकाची कसोटी हल्ल्याच्या क्षणी लागते. पाळत मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. पाळतीचा छडा लावणे हे स्वतंत्र काम आहे आणि ते त्यासाठी तयार केलेल्या माणसांकडेच असायला हवे.

10 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची हत्या झाली. दोनदा महावीर चक्र मिळवलेले रणगाडा दलाचे हे अधिकारी बाजारातून घरी परतत होते. गाडी ते स्वतः चालवत होते; शेजारी पत्नी, मागे सुरक्षा रक्षक. वळणावर वेग मंदावताच मोटारसायकल बाजूला आली आणि गोळ्या सुटल्या. रक्षकाच्या हाती उरले ते काही सेकंद. मारेकऱ्यांनी मात्र शहरात आधीच भाड्याची जागा घेतली होती. त्यांना हेरायची संधी होती ती त्या दिवसांत, आणि गाडीच्या मागच्या सीटवरून ती दिसणारी नव्हती. रक्षकाला दोष देणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतले एखादे फाटक घ्यावे. शिफ्ट सुटलेली, टपऱ्यांवर गर्दी, मनमाड रस्त्याकडे निघालेले टेम्पो. मालकाबरोबर बाहेर पडणारा अंगरक्षक हे सारे अर्धा मिनिट पाहतो; त्याची नजर हातांवर, उघड्या दारांवर, अंगावर येणाऱ्या माणसावर असते आणि तिथेच असली पाहिजे. पाळत शोधणारा त्याच टपरीवर मालक येण्याच्या तासभर आधी बसतो आणि गेल्यावरही थांबतो. चहा संपूनही न उठणारा, फाटक उघडताच मोबाइल कानाला लावणारा, गाडी वळताच निघणारा माणूस तो टिपतो. वेळ, गाडीचा नंबर, चपला, चालण्याची ढब लिहून ठेवतो. शर्ट बदलतो, चाल सहसा बदलत नाही. तोच माणूस चार दिवसांनी मालकाच्या घरापाशी दिसला की योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. रस्ते बदलता येतात, पण घर आणि कारखाना बदलत नाहीत. म्हणून शोध या दोन टोकांना घ्यावा लागतो.

अंगरक्षक ओळखू येतो, हीही अडचण आहे. त्याने रोखून पाहिले किंवा हटकले, की पाळत ठेवणारा सावध होतो आणि उद्या दुसरा येतो. पाठलाग केला तर मालक उघडा पडतो. पाळत शोधणारा तज्ज्ञ संशयिताला कळूही देत नाही. नोंद पोहोचवतो, मग अंगरक्षक निघण्याची वेळ आणि वाट बदलतो व पोलिसांना कळवले जाते.

26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यासाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली त्याआधी शहरात अनेकदा येऊन गेला. पर्यटकासारखा वावरत त्याने ताज हॉटेलचे चित्रीकरण केले, बोटीतून किनारा पाहिला. जवळ शस्त्र नव्हते. दारावरच्या रक्षकाला अडवण्याजोगे काहीच नव्हते. अनेक भेटी जोडून पाहिल्या तरच असा माणूस उघडा पडतो.

खासगी सुरक्षा संस्थांच्या रक्षकांसाठी 2005 च्या केंद्रीय कायद्याखालील नियमांत 160 तासांचे प्रशिक्षण आहे: शारीरिक तयारी, अग्निशमन, गर्दीवर नियंत्रण, प्रथमोपचार वगैरे. एवढ्या शिदोरीवर कुणाकडून गुप्त टेहळणी ओळखण्याची अपेक्षा धरणे त्याच्यावर आणि मालकावर, दोघांवरही अन्याय आहे. ज्या कारखान्याला कायमचे पथक परवडत नाही, त्याने धमकी आल्यावर किंवा कामगारांशी वाद पेटल्यावर काही आठवड्यांपुरते तज्ज्ञ नेमावेत. अंगरक्षकाला खटकलेली प्रत्येक गोष्ट त्याने त्याच दिवशी, स्वतः तपास न करता, त्यांच्याकडे द्यावी.