तोंडातला हजेरीपट आणि पेटंटचा परीक्षक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी ‘माझं काम’ या सत्रात केलेलं भाषण)



या सत्रात प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल दहा-बारा मिनिटं बोलायचं आहे. डॉक्टर, शेतकरी, शिक्षक, बँकवाले यांचं काम सगळ्यांना ठाऊक असतं. मी मुंबईच्या पेटंट कार्यालयात परीक्षक होते असं सांगितलं, की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, “म्हणजे तू कोणाचे पेपर तपासायचीस?” आणि दुसरा, “हळदीचं पेटंट तूच दिलंस का गं?”

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते. हळदीचं ते पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. जखमेवर हळद लावणं आपल्याकडे आधीपासून माहीत होतं, हे लेखी पुराव्यानिशी दाखवावं लागलं. नुसतं “आमच्या आजीला माहीत होतं” म्हणून भागलं नाही. परीक्षकाच्या कामाचं सार यातच आलं: आधीपासून काय माहीत होतं, ते कागदावर शोधून काढायचं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे, हो, मी पेपरच तपासले. ते कसे, हे एका उदाहरणाने सांगते. कार्यालयात हाताखालून गेलेल्या अर्जांबद्दल मी बोलणार नाही, ते योग्यही नाही. म्हणून आजचा अर्ज मी रचलेला आहे. त्यातली यंत्रं आणि कायदा मात्र खरा आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी कोणी ना कोणी दात सरळ करून घेत असतं. काहींना कायमची चिकटवलेली तार असते, काहींना काढता-घालता येणारी क्लिप, तर काहींना पारदर्शक अलाइनर. चिकटवलेल्या तारेत मुलाच्या मर्जीचा प्रश्न फारसा येत नाही. क्लिप आणि अलाइनरचं तसं नाही. अलाइनर दिवसाला २० ते २२ तास घालायला सांगतात, म्हणजे जेवण आणि दात घासणं सोडून जवळजवळ सतत. डॉक्टर विचारतात, “घालतोस ना रे?” पोरगं मान डोलावतं. आई म्हणते, “घालतो हो.” आणि दात मात्र हलत नाहीत. जगभरच्या अभ्यासांत हेच दिसलं आहे: मुलं सांगतात त्यापेक्षा प्रत्यक्ष वापर कमी असतो.

मग तंत्रज्ञांनी ठरवलं, मुलाला विचारायचंच नाही, क्लिपला विचारायचं. आपल्या वर्गात जसा हजेरीपट असायचा, तसा हा तोंडातला हजेरीपट.

ही कल्पना नवी नाही. १९७४ साली नॉर्थकट नावाच्या अमेरिकन ऑर्थोडॉन्टिस्टने वेळ मोजणाऱ्या हेडगिअरबद्दल लिहिलं. हेडगिअर म्हणजे डोक्याला पट्टा बांधून दातांवर ओढ देणारं उपकरण. त्याच्या पट्ट्यात वेळ मोजण्याची सोय केली होती. १९९० पर्यंत जर्मनीत काही संशोधकांनी तोंडात घालायच्या उपकरणातच सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक मापक बसवून वापराची वेळ नोंदवली. पुढे ऑस्ट्रियातून ‘थेरामॉन’ नावाची चिप आली. ती क्लिपच्या अक्रिलिकमध्ये पुरलेली असते आणि दर १५ मिनिटांनी तापमान नोंदवते. तोंडातलं तापमान साधारण ३५-३६ अंश. क्लिप टेबलावर पडली की नोंद खाली येते. डॉक्टरकडे गेलं की ती सगळी नोंद संगणकावर उतरते. ‘इन्व्हिजलाइन’च्या किशोरवयीन मुलांसाठीच्या अलाइनरमध्ये बिनचिपेची युक्ती होती: एक निळा ठिपका, जो तोंडात राहून राहून फिका होत जातो. पुढे अभ्यासकांना असंही दिसलं, की तो ठिपका तोंडात न घालताही फिका करता येतो. पोरं काही कमी नसतात!

आता आपला रचलेला अर्ज घेऊ. पेटंटच्या अर्जात वर्णन असतं, चित्रं असतात, आणि शेवटी असतात क्लेम, म्हणजे दावे. भांडण सगळं दाव्यांवर. समजा पहिला दावा असा आहे: “दातांवर बसणारं, काढता-घालता येणारं उपकरण, त्यात एक सेन्सर, आणि उपकरण किती वेळ तोंडात होतं याची नोंद ठेवणारा भाग.”

ऐकायला साधा वाटतो, पण या एका वाक्यात केवढं मावतं बघा. सेन्सर कुठलाही, उपकरण कुठलंही, नोंद कशीही. हा दावा मंजूर झाला, तर अर्ज केल्याच्या तारखेपासून २० वर्षं या देशात दुसऱ्या कोणालाही अशी कुठलीच वस्तू परवानगीशिवाय बनवता येणार नाही. उद्या एखाद्या दंत महाविद्यालयातल्या मुलांनी स्वस्तातली चिप बनवली, तरी त्यांची वाट बंद. म्हणून परीक्षक आधी शोध घेतो. दंतोपचाराच्या ‘ए६१सी’ या वर्गात शोधायचं आणि शरीरावरच्या मोजमापांच्या ‘ए६१बी’ वर्गातही शोधायचं. जुन्या मासिकांत बघायचं. १९९० चा तो जर्मन लेख सापडला, त्यात दाव्यातला प्रत्येक घटक आहे, की पहिला दावा संपला. नवेपणा नाही.

हे सगळं पहिल्या परीक्षण अहवालात लिहून अर्जदाराला कळवायचं. त्याला उत्तराला सहा महिने मिळतात, मागितले तर आणखी तीन. तो दावा अरुंद करून परत पाठवतो. कायद्याने दावा दुरुस्त करताना अरुंदच करता येतो, मूळ कागदपत्रांत नव्हतं ते मागाहून घुसडता येत नाही.

समजा तो आता म्हणतो: “माझ्या क्लिपमध्ये दोन सेन्सर आहेत. एक तापमानाचा, दुसरा ओलावा ओळखणारा.” बरं. हे एका कागदात कुठे नाही, म्हणून नवं आहे. पण पुढचा प्रश्न अवघड: या विषयातल्या जाणकार कारागिराला हे सहज सुचलं असतं का? तापमानाचा सेन्सर फसतो हे माहीत आहे, ओलावा ओळखणारे सेन्सर बाजारात आहेत, मग दोन्ही एकत्र करायला कितीसं डोकं लागतं?

इथे आपल्या चंद्रपूरचा संबंध येतो. एप्रिलमधली दुपार आठवा. दप्तरातल्या डबीत ठेवलेली क्लिप सहज ३६ अंशांना पोचेल, चाळीसही ओलांडेल. युरोपातल्या थंड खोलीत जी चिप खरं बोलते, ती आपल्या उन्हात गोंधळू शकते. मुलाने दिवसभर क्लिप घातली नाही, तरी नोंद म्हणणार घातली होती. किंवा उलट, आइस गोळा खाणारं गुणी पोर गैरहजर ठरणार. चिप वापर मोजत नाही, तापमान मोजते, आणि आपण त्यावरून वापराचा अंदाज बांधतो. हा फरक अर्जदाराने ओळखला आहे का, हे परीक्षक वर्णनात शोधत असतो.

समजा ओळखला आहे. तो लिहितो, की ओलाव्याचा सेन्सर एरवी बंद असतो. तापमान तोंडाच्या पट्ट्यात आलं की तेवढाच वेळ तो जागा होतो आणि खातरजमा करून पुन्हा झोपतो. त्यामुळे अक्रिलिकमध्ये कायमची बंद केलेली चिमुकली बॅटरी जास्त दिवस पुरते. आता मात्र मी पेन्सिल खाली ठेवते. नुसती दोन वस्तूंची बेरीज नाही ही. एकीने दुसरीला कधी उठवायचं, यात काही तांत्रिक प्रगती आहे. कायद्याला हवी असलेली शोधकता इथे असू शकते. पुन्हा शोध घ्यायचा, आणि असा क्रम आधी कोणी सांगितलेला नसेल, तर तेवढ्यापुरता दावा द्यायचा. ‘सेन्सर असलेली क्लिप’ त्याची नाही, ती सगळ्यांची. ‘या क्रमाने चालणारे दोन सेन्सर असलेली क्लिप’ त्याची.

अर्जात आणखी दोन दावे ठेवू, कारण गंमत तिथे आहे. सातवा दावा: “नोंद पाहून रुग्णाच्या उपचाराचा काळ बदलण्याची पद्धत.” हे नाही मिळणार. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(आय) सांगतं, की माणसाच्या उपचाराची किंवा निदानाची प्रक्रिया म्हणजे पेटंटयोग्य शोध नव्हे. डॉक्टरने काय ठरवावं, यावर कोणाची मालकी नको, असा त्यामागचा विचार. उपकरणाला पेटंट मिळू शकतं, उपचाराला नाही. मग काही वकील ‘पद्धत’ खोडून ‘प्रणाली’ लिहितात. परीक्षकाने शब्द न बघता मजकूर बघायचा. निदान कशाला म्हणायचं, यावरही वाद आहेत. २०२३ साली मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं, की तपासणी शरीराबाहेर झाली म्हणून ती आपोआप या कलमातून सुटत नाही.

नववा दावा: “वापराचे तास मोजून मुलाला चांदण्या देणारं मोबाइल अॅप.” इथे कलम ३(के) आडवं येतं, नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही. पण ‘नुसत्या’ हा शब्द महत्त्वाचा. २०१९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं, की प्रोग्रॅममुळे काही तांत्रिक परिणाम घडत असेल तर अर्ज दारातूनच परत पाठवू नये. बॅटरी वाचवणारा क्रम हा तांत्रिक परिणाम. चांदण्या देणं नव्हे, कितीही गोड असलं तरी.

आणि एक जागा अशी आहे, जिथे मला नेहमी आपल्या भूमितीच्या बाई आठवायच्या. पक्ष, साध्य, सिद्धता. सिद्धतेत मधली पायरी गाळून “हे उघड आहे” लिहिलं की बाई गुण कापायच्या. अर्जातही लोक लिहितात: “मिळालेल्या नोंदींवरून योग्य त्या पद्धतीने वापराचा काळ काढावा.” योग्य ती म्हणजे कोणती? पेटंट हा समाजाशी केलेला सौदा आहे. तुम्ही २० वर्षांचा हक्क घ्या, पण बदल्यात शोध असा उलगडून लिहा, की मुदत संपल्यावर दुसऱ्या जाणकाराला तो करता यावा. मधली पायरी गाळली की समाजाची बाजू रिकामी राहते.

आता थोडं अवघड बोलते. पेटंट मिळालं म्हणजे वस्तू चांगली आहे, असं सरकारने सांगितलेलं नसतं. ती विकायची परवानगीही त्यात नसते. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम वेगळे आहेत. पेटंट म्हणजे फक्त दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या तोंडात दर १५ मिनिटांनी नोंद घेणारं काही असावं का, हा प्रश्न माझ्या टेबलावर सहसा येत नसे. कायद्यात नीतिमत्तेविरुद्धच्या शोधांसाठी कलम ३(बी) आहे, पण दात सरळ व्हावेत म्हणून मोजमाप करणारी क्लिप त्यात बसत नाही. मुलांच्या माहितीचं बोलायचं, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. म्हणजे तो प्रश्न शेवटी घरी येतो, तुमच्या-माझ्याकडे.

मला स्वतःला असं वाटतं, की ही नोंद मुलालाही दाखवावी आणि त्याच्याशी बोलण्यासाठी वापरावी. “खोटं बोलतोस” हे सिद्ध करायला वापरू नये. क्लिप टोचत असेल, वर्गात बोलताना उच्चार अडत असेल, मित्र हसत असतील. तास कमी का भरले, हे चिप सांगत नाही. हजेरीपटावर ‘गैरहजर’ लिहून न थांबता “काल का नाही आलास?” असं विचारणारे शिक्षक आपल्याला मिळाले, हे आपलं भाग्य. ते इथे पुढच्या रांगेत बसलेत, म्हणून अधिक बोलत नाही.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. आपल्या मुलांनी, विद्यार्थ्यांनी काही नवं बनवलं, तर आधी अर्ज करा, मग प्रदर्शन, बातमी आणि सत्कार. आधीच जाहीर केलेली वस्तू बहुतेक वेळा नवी राहत नाही. आणि दुसरं: अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, ते कोणालाही पाहता येतात. पेटंट मंजूर होण्याआधी कुठलीही व्यक्ती पुराव्यासह हरकत घेऊ शकते. तुमच्या धंद्यात वर्षानुवर्षं चालत आलेली गोष्ट कोणी आपली म्हणून मागत असेल, तर परीक्षकाला ते कळवा. मुंबईत बसलेल्या माणसाला सगळं माहीत नसतं. तुमचं जुनं माहितीपत्रक, तारीख असलेलं एखादं बिल, मासिकातलं एक पान त्याच्या फार उपयोगी पडतं.

माझ्या नोकरीत मी किती अर्ज मंजूर केले आणि किती नाकारले, हे मोजलं नाही. बहुतेक वेळा काम या दोन्हींच्या मधलंच होतं: “एवढं तुमचं, एवढं सगळ्यांचं” अशी रेघ ओढायची आणि ती का ओढली हे कारणांसह लिहायचं. कारण लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही, ही सवय या शाळेने लावली. त्यासाठी सर्व गुरुजनांना नमस्कार.