निबंधांची यादी आणि माणसांचे प्राण



एखाद्या विद्वानाच्या नांवापुढें निबंधांची लांबलचक यादी दिसली म्हणजे आपण प्रथम आंकडा पाहतों. निबंध शंभर आहेत कीं दोनशें? मीं आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. वही किती भरली यावरून मुलगा किती शिकला हें कळत नाहीं. यादीचेंहि तसेंच आहे. ती मोजावयाची नसते, वाचावयाची असते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यास रक्ताचा कर्करोग जडला. त्याला मिळालेल्या गोळीचा इतिहास शोधतां शोधतां अमेरिकेंतील पोर्टलंड शहरच्या डॉ. ब्रायन ड्रूकर यांची यादी माझ्या वाचनांत आली. तिच्यांतील मोजकेच निबंध आज आपणांपुढें ठेवतों.

या कथेची पहिली ओळ दुसऱ्यांचीच आहे. १९६० सालीं फिलाडेल्फिया येथें नॉवेल व हंगरफर्ड यांना मज्जेंतून उद्भवणाऱ्या एका जुनाट रक्तकर्करोगांत रोग्याच्या पेशींतील एक गुणसूत्र आंखूड दिसलें. १९७३ सालीं शिकागोच्या जॅनेट राउली यांनीं दाखविलें कीं, नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांनीं आपसांत तुकड्यांची अदलाबदल केलेली असते. या चुकीच्या सांध्यांतून एक विकृत प्रथिन निपजतें, आणि तें पेशीला वाढीचा अखंड हुकूम देत राहतें.

हा हुकूमच थांबवितां आला तर? बासल येथील एका औषध कंपनींत निकोलस लायडन व त्यांचे सहकारी अशीं द्रव्यें बनवीत होते. त्यांतील एक द्रव्य ड्रूकरांनीं पारखलें आणि १९९६ सालीं निबंध प्रसिद्ध झाला. रोग्यांच्या पेशींपासून होणाऱ्या विकृत वसाहती ९२ ते ९८ टक्क्यांनीं घटल्या, पण निरोगी पेशींची वाढ खुंटली नाहीं. कर्करोगाच्या जुन्या औषधांत सुक्याबरोबर ओलेंहि जळे; येथें तें टळलें. या औषधाचें नांव इमॅटिनिब.

१९९८ सालीं प्रत्यक्ष रोग्यांवर प्रयोग सुरू झाले. एप्रिल २००१ मध्यें अमेरिकेंतील एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकांत ड्रूकरांचें नांव असलेले तीन निबंध आले. पहिल्यांत, रोज ३०० मिलिग्रॅम वा अधिक औषध घेणाऱ्या ५४ रोग्यांपैकीं ५३ जणांचें रक्त मोजणींत पूर्ववत् झालें. दुसरा निबंध रोगाच्या अखेरच्या, उग्र अवस्थेविषयीं होता. त्यांत अर्ध्याहून अधिक रोग्यांस गुण आला, परंतु पुष्कळांचा रोग उलटला, हेंहि तितक्याच स्पष्टपणें नमूद केलें आहे. यशाच्या शेजारीं अपयश लिहून ठेवणें ही शास्त्राची खरी नीति होय.

तिसरा निबंध रक्ताचा नव्हता, पोटाचा होता. जठर व आंतडीं यांच्या भिंतींत होणाऱ्या एका गांठींत निराळें प्रथिन बिघडलेलें असतें, असें जपानी संशोधकांनीं १९९८ सालीं दाखविलें होतें. तेंहि याच औषधानें आवरतें, हें पोर्टलंडच्या मंडळींनीं २००० सालीं प्रयोगशाळेंत पाहिलें. शस्त्रक्रियेस व इतर औषधांस न जुमानणारी ही गांठ फिनलंडमधील एका स्त्रीच्या शरीरांत या गोळ्यांनीं आकसली. रोग रक्तांत आहे कीं पोटांत, यापेक्षां त्याचें मूळ कोणत्या बिघाडांत आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

पुढें २०१७ सालीं दहा वर्षांचा हिशेब प्रसिद्ध झाला. प्रथमपासून हें औषध मिळालेल्यांपैकीं सुमारें ८३ टक्के रोगी दहा वर्षांनीं हयात असल्याचें त्यांत दिसतें. तथापि सर्व कर्करोगांवर ही गोळी चालत नाहीं, आणि कांहीं रोग्यांत औषधाचा प्रभाव ओसरतो, हें विसरूं नये. औषध सांपडलें तरी तें परवडावें लागतें. १ एप्रिल २०१३ रोजीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें त्याच्या नव्या पेटंटाची मागणी फेटाळली, आणि देशांतील कारखान्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला.

माझा विद्यार्थी मध्यंतरीं म्हणाला, “गुरुजी, आतां बरें वाटतें, गोळी सोडून देऊं का?” मीं म्हटलें, “बाळ, तें तुझ्या डॉक्टरांस विचारल्यावांचून एक दिवसहि करूं नकोस. त्या एका गोळीमागें चाळीस वर्षांचा अभ्यास आहे.” तो आजहि रोज सकाळीं न चुकतां गोळी घेतो. त्या यादीचें मोल मला तेथें कळलें.