झेंडा की पताका?

(अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅरी नावाचे गाव आहे. तेथे राहणाऱ्या मराठी मुलांपुढे एका आजींनी केलेले हे भाषण.)



गेल्या रविवारी माझ्या हातून एक चूक झाली. गणपतीच्या मखराभोवती आपल्याला पताकांच्या माळा लावायच्या होत्या. 'पताका' हा शब्द तुम्हांला कळेल की नाही, अशी मला शंका आली. म्हणून मी सोपे करून सांगितले, "घरी असतील ते छोटे झेंडे घेऊन या."

तुम्ही अगदी आज्ञाधारक! कोणी १५ ऑगस्टचे कागदी तिरंगे आणले, कोणी ४ जुलैचे अमेरिकेचे झेंडे आणले. ते दोऱ्यात ओवून टांगलेसुद्धा. मी आले आणि "काढा, काढा!" म्हणून ओरडले. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. ती म्हणाली, "आजी, तुम्हीच तर आणायला सांगितलेत!"

तिचे म्हणणे खरे होते. चुकीचा शब्द मी वापरला आणि बोलणी तुम्ही खाल्लीत. म्हणून आज हे शब्द नीट सांगते.

भारताच्या संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी तिरंगा हा आपला राष्ट्रध्वज म्हणून स्वीकारला. त्याची माळ करून शोभेसाठी टांगायची नाही, असा नियम आहे. अमेरिकेतही तसेच आहे, बरं का! तेथे सजावटीसाठी निळ्या, पांढऱ्या व लाल रंगांचे साधे कापड वापरावे, निळा रंग वर, पांढरा मध्ये आणि लाल खाली असावा, असे ध्वजाच्या नियमांत सांगितले आहे. म्हणजे दोन्ही देशांत ध्वज वेगळा आणि शोभेचे कापड वेगळे. त्या शोभेच्या रंगीबेरंगी तुकड्यांना आपण पताका म्हणतो. मी 'पताका' म्हटले असते, तर सगळे रडणे टळले असते!

पण पताका केवळ शोभेचीच असते असे नाही. आषाढात वारकरी पायी पंढरपूरला जातात. त्यांच्या खांद्यावर काठीला लावलेली भगवी पताका असते. दिंडीत ती सर्वांत पुढे चालते.

निशाण हा शब्द फारसीतून आला. त्याचा अर्थ खूण. लढाईत धुरळा उडाला, म्हणजे आपली माणसे कोठे आहेत हे कसे कळणार? निशाण पाहून. मराठ्यांच्या फौजेतील मानाच्या निशाणाला जरीपटका म्हणत. १७५८ साली मराठी फौजा सिंधू नदीकाठच्या अटकेपर्यंत पोहोचल्या. तेव्हापासून कोणी मोठा पराक्रम केला, की 'अटकेपार झेंडा लावला' असे आपण म्हणतो.

आणखी एक गंमत पाहा. प्रत्येक शब्दाचे क्रियापद ठरलेले असते. ध्वज फडकवतात, निशाण रोवतात, तोरण बांधतात आणि गुढी उभारतात. 'गुढी बांधली' म्हटलेत, तर तुमची गावाकडची आजी फोनवरच हसेल! येथे कॅरीत डॉगवुडच्या झाडांना पांढरी फुले येऊ लागतात, त्या सुमारास आपला पाडवा येतो. आंब्याचे झाड इथल्या थंडीत तग धरत नाही, म्हणून आपण हिरव्या कापडाची पाने कापून तोरण करतो. पाने कापडाची असली तरी ते दारावरच बांधायचे.

तोरणासारखीच लोंबणारी, पण कापडाला चुण्या घालून शिवलेली, ती झालर. मखराला असते, बाळाच्या कुंचीलाही असते. कागदाच्या बारीक पट्ट्या वाऱ्याने सळसळतात, त्या झिरमिळ्या. नाव घेतले तरी सळसळ ऐकू येते! परकराच्या कडेला शिवतात ती वेगळ्या रंगाची पट्टी म्हणजे गोट. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल.

आणि दोऱ्यांचा झुबका म्हणजे गोंडा. पोळ्याला बैलाच्या शिंगांना गोंडे बांधतात. कुत्र्याच्या शेपटीचाही गोंडाच. खाऊसाठी तो कसा मालकाभोवती शेपूट हलवत फिरतो, ते तुम्ही पाहिले आहे ना? त्यावरून 'गोंडा घोळणे' हा वाक्प्रचार आला. माझ्या लाडवांच्या डब्याभोवती मघाशी कोण गोंडा घोळत होते, त्यांची नावे मी सांगणार नाही.

ते तिरंगे आणि ते अमेरिकेचे झेंडे मी नीट पुसून पाकिटात ठेवले आहेत. ज्याचे त्याने जाताना घेऊन जावे. मखराची झालर अजून अर्धी शिवायची राहिली आहे आणि पताकांना तर कात्रीही लागलेली नाही. चला, लाल दोरा कोणाजवळ आहे?